मातीतलं आयोडीन तपासून देणारी लॅब: घ्यायचं तर पूर्ण पॅकेज घ्या

मातीतलं आयोडीन मोजून देणाऱ्या लॅब मुळात कमी. नेहमीच्या माती परीक्षणात नत्र, स्फुरद, पालाश, सेंद्रिय कर्ब, फार तर जस्त-लोह-बोरॉन येतं, आयोडीनचं कुणी नावही काढत नाही. म्हणून ही सर्व्हिस दिसल्यावर मी लगेच सॅम्पल पाठवले, एकमेकांना लागून असलेल्या चार जमिनींचे: झाडीखालची, कुरणाची, दरवर्षी नांगरली जाते ती आणि भातखाचराची.

आधी चांगलं काय ते. सॅम्पल कसं घ्यायचं त्याचा कागद सोबत येतो आणि तो खरंच समजून लिहिलाय. माती सावलीत हवेवर वाळवा, ओव्हनमध्ये घालू नका असं त्यात ठळक छापलंय, कारण आयोडीन उडून जातं. बऱ्याच ठिकाणी धातू तपासायचे म्हणून सगळी माती सरसकट गरम ॲसिडमध्ये टाकतात, आणि त्यात आयोडीनची वाफ होऊन निघून जाते, मग जो आकडा येतो तो उरलेल्याचा. हे लोक टीएमएएच नावाच्या अल्कलीत 70 अंशांना तीनेक तास ठेवून अर्क काढतात आणि मग आयसीपी-एमएस मशीनवर मोजतात. मी फोन करून विचारलं तर तिथल्या ताईंनी अजिबात टाळाटाळ न करता सगळं सांगितलं, वर अर्काच्या नळ्यांचा फोटोही पाठवला. झाडीखालच्या मातीचा अर्क शाईसारखा काळपट, नांगरलेल्या जमिनीचा फिका तपकिरी. तो रंग ह्युमसचा, म्हणजे कुजून मुरलेल्या सेंद्रिय पदार्थाचा, आणि मातीतलं बरंचसं आयोडीन त्या ह्युमसलाच धरून बसलेलं असतं, म्हणजे नळी बघूनच निम्मी गोष्ट कळते.

आता बेसिक पॅकेज. त्यात दर सॅम्पलला एकच आकडा मिळतो, एकूण आयोडीन, आणि शेजारी 'कमी', 'मध्यम' किंवा 'जास्त' असा शिक्का. हे मला अजिबात पटलं नाही. जगभरच्या मातीची सरासरी किलोला साधारण 5 मिलिग्रॅमच्या आसपास धरतात, पण काही ठिकाणी 1 च्याही खाली आणि काही ठिकाणी 100 च्याही वर सापडतं, त्यामुळे त्या सरासरीशी तुलना करून शिक्का मारण्यात काही अर्थ नाही. शिवाय एकूण आयोडीन भरपूर असलं तरी त्यातलं पाण्यात विरघळून मुळांना मिळणारं फारच थोडं असतं. ह्युमसने भरलेल्या मातीत आकडा मोठा आणि पिकाला मिळतंय कमी, असं सहज होतं.

पूर्ण पॅकेजमध्ये विरघळणारं आयोडीन, पीएच, सेंद्रिय कर्ब, लोह-ॲल्युमिनियमची ऑक्साइडं आणि खोलीप्रमाणे वेगवेगळे थर येतात, आणि चार जमिनी शेजारी ठेवून बघायची खरी मजा तिथे आहे. मातीतलं आयोडीन खडकातून कमी आणि समुद्रातून जास्त येतं. शेवाळं आणि सूक्ष्मजीव मिथाइल आयोडाइड (आयोडीनचं हवेत उडणारं संयुग) सोडतात, हवेतला ओझोन समुद्राच्या पृष्ठभागावरच्या आयोडाइडवर (आयोडीनचं पाण्यात विरघळलेलं एक रूप) काम करून आयोडीन मोकळं करतो, आणि ते पावसाबरोबर जमिनीवर उतरतं. लागून असलेल्या चार जमिनींवर पाऊस तर सारखाच पडतो, मग फरक का, तर जमीन त्याचं पुढे काय करते त्यामुळे. झाडी पानांवर हवेतलं आयोडीन झेलते, पालापाचोळा कुजतो आणि वरच्या थरात ते बांधलं जातं. कुरणातही ह्युमस बऱ्यापैकी टिकतो, शिवाय चरणारी जनावरं गवताबरोबर थोडी माती गिळतात आणि त्यातूनही त्यांना आयोडीन मिळतं, हे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. नांगरलेल्या जमिनीत वरचा थर खाली मिसळतो, ह्युमस झिजतो, आणि चुना घालून पीएच वाढवला की लोहाच्या ऑक्साइडांची आयोडेटवरची (आयोडीनचं ऑक्सिजन जोडलेलं रूप) पकडही सैल होते. माझ्या रिपोर्टमध्ये झाडीखालचा वरचा थर सगळ्यात वर आणि भातखाचर सगळ्यात खाली आलं.

आणि भातखाचराच्याच बाबतीत ही सर्व्हिस कमी पडते. पाणी तुंबलं की मातीतला ऑक्सिजन संपतो, आयोडेटचं आयोडाइड होतं, धरून ठेवणारी लोहाची ऑक्साइडं विरघळायला लागतात आणि आयोडीन पाण्यात उतरतं, मग काही झिरपून जातं, काही निचऱ्याबरोबर वाहून जातं, काही मिथाइल आयोडाइड होऊन हवेत. जपानमध्ये आयोडीन भरपूर असलेली कोरडवाहू जमीन नव्याने भातखाली आणली तेव्हा इतकं आयोडीन मोकळं झालं की रोपांना ते बाधलं, तिथे त्या रोगाला आकागारे म्हणतात. म्हणजे खाचरात महत्त्वाचं काय तर पाणी उभं असतानाची अवस्था, आणि ही लॅब मोजते वाळवलेली माती! वाळताना हवा लागली की सगळं रसायनच पालटतं, मग विरघळणारं म्हणून दिलेल्या आकड्यावर भरवसा कसा ठेवायचा. हवाबंद नळीत ओला चिखल किंवा मातीतलं पाणी घ्यायची सोय त्यांनी करायलाच हवी, मी तसं त्यांना लिहून कळवलंय.

किरणोत्सर्गी आयोडीन शोधायचं असेल तर हे पॅकेज घेऊ नका. इथे स्थिर, म्हणजे किरणोत्सर्गी नसलेलं, आयोडीन-127 मोजतात. आयोडीन-131 चं अर्धायुष्य 8 दिवसांचं, आयोडीन-129 चं दीड कोटी वर्षांहून जास्त, त्यांची तपासणी पूर्ण वेगळी असते. पण मातीत ही सगळी भावंडं वागतात एकाच रसायनाने, त्यामुळे अणुकचरा कुठे ठेवायचा याचा अभ्यास करणाऱ्यांना स्थिर आयोडीनचे असे थरवार आकडे उपयोगी पडतात.

रिपोर्ट सांगितलेल्या तारखेनंतर आला, पण फोन केला की उत्तर मिळत होतं म्हणून तक्रार नाही. मी 5 पैकी 4 स्टार देते, एक खाचरासाठी कापला. बेसिक घेऊच नका, आणि फॉर्म भरताना जमिनीचा वापर कधी बदलला, चुना कधी घातला, पाणी किती महिने उभं असतं हे 'इतर माहिती'च्या रकान्यात लिहा. तो रकाना ऐच्छिक ठेवलाय, पण आकडे वाचताना त्याचाच सगळ्यात जास्त उपयोग होतो.