विधान-गृहीतकांच्या हस्तलिखित झेरॉक्स नोट्स : वापरून झाल्यावरचा अनुभव

मागच्या एमपीएससीच्या राज्यसेवा पूर्वपरीक्षेला सीसॅटमध्ये, म्हणजे उतारे, तर्क आणि गणिताच्या दुसऱ्या पेपरात, मला ६२.५ गुण पडले. पात्र व्हायला २०० पैकी ३३ टक्के, म्हणजे ६६ लागतात. एका प्रश्नाला अडीच गुण, चुकला की त्या अडीचचा चौथा हिस्सा वजा. पहिला पेपर चांगला गेला होता, पण त्याला काही अर्थच उरला नाही. घरी फोन करून ‘दोन प्रश्नांनी गेलं’ एवढंच सांगितलं आणि ठेवून दिला.

नंतर माझ्या उत्तरपत्रिकेची कार्बन कॉपी उत्तरतालिकेशी ताडून बघितली. गणितं ठीक होती. गृहीतकांचे, म्हणजे एखादं विधान देऊन त्यामागे न बोलता काय धरलंय ते विचारणारे, उताऱ्यातले आणि सुटे धरून सहा प्रश्न सोडवले होते, त्यातले पाच चुकले होते. म्हणून पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून या नोट्स आणल्या. स्पायरल बाइंडिंग, ९६ पानं, १४० रुपये. कोण्या क्लासच्या सरांनी हाताने लिहिलेल्या आहेत, वर नाव नाही. अक्षर टपोरं आहे, पण झेरॉक्सची झेरॉक्स असल्यामुळे शेवटची दहा-बारा पानं फिकट आलीत. दुकानातच चाळून घ्या.

पहिल्या पानावर व्याख्या नाही, हे मला फार आवडलं. थेट अभ्यासिकेच्या दारावरची पाटी दिलीय : ‘मोबाइल सायलेंटवर ठेवावा.’ खाली तीन गृहीतकं. एक, येणाऱ्यांकडे मोबाइल असतात. दोन, मोबाइलच्या आवाजाने अभ्यासात व्यत्यय येतो. तीन, सगळे जण ही सूचना पाळतील. मी तिन्हींवर बरोबरची खूण केली. पान उलटलं तर तिसरं खोडलेलं.

सरांची रीत अशी : गृहीतक उलटं करून वाचायचं आणि विधान उभं राहतं का ते बघायचं. ‘आवाजाने कुणालाच त्रास होत नाही’ म्हटलं की पाटी लावायचं कारणच संपतं, म्हणजे ते गृहीतक आहे. ‘सगळेच काही पाळणार नाहीत’ म्हटलं तरी पाटी लावण्यात अर्थ राहतो, कारण निम्म्यांनी पाळली तरी आवाज कमी होईल. ‘काही जण तरी पाळतील’ असं असतं तर ते धरावंच लागलं असतं. ‘सगळे’ आणि ‘काही जण तरी’ यातला हा फरक मला दोन वर्षांत कुणी असा समोर ठेवून दाखवला नव्हता. रोज तीच पाटी ढकलून मी आत जाते.

निष्कर्ष आणि गृहीतक यांची गल्लत माझी नेहमी व्हायची. त्यावर सरांनी समासात बाण काढलेत : निष्कर्ष विधानाच्या पुढे, गृहीतक विधानाच्या मागे. विधान मान्य केल्यावर जे निघतं ते निष्कर्ष, आणि विधान करण्याआधीच बोलणाऱ्याने जे धरून ठेवलेलं असतं ते गृहीतक. अजूनही कच्च्या कामाच्या जागेत तो बाण काढूनच मी प्रश्नाला हात घालते.

मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो चौथ्या भागाचा. ‘स्वतःचं ज्ञान बाहेर ठेवा’ असं त्याचं नाव. आम्ही कळंबकडचे, शेतातलं आम्हाला कळतं, आणि प्रश्न शेतीचा आला की तेच आड येतं. त्याच आठवड्यात अण्णा फोनवर म्हणाले, ‘गेल्या साली सोयाबीनला भाव नव्हता, यंदा तूरच लावू.’ मी लगेच वहीत लिहिलं. गृहीतक : यंदाही सोयाबीनला भाव मिळणार नाही. उलटं करून बघितलं, विधान पडलं, उत्तर बरोबर. मग अण्णांना विचारलं तर म्हणाले, ‘भावाचं तर हायेच गं, पण तुरीचं मूळ खोल जातंय, पावसानं ओढ दिली तरी तग धरती.’ खरं कारण हे होतं, आणि ते वाक्यात कुठेच नव्हतं. परीक्षेत ‘तूर पाण्याचा ताण सहन करते’ असा पर्याय आला असता तर मी डोळे झाकून खूण केली असती, कारण ते खरं आहे. पण विधान भावाबद्दल बोलतं, पाण्याबद्दल नाही. माझे पाच प्रश्न असेच गेले होते. खरी गोष्ट दिसली की मी ती गृहीतक म्हणून धरत होते.

आता दोष. ‘फक्त, सर्व, नेहमीच, निश्चितच असे शब्द आले की पर्याय खोडा’ असं चौकटीत दिलंय. हे धोक्याचं आहे. ‘तो या अभ्यासिकेत बसतो, म्हणजे स्पर्धा परीक्षाच देत असणार’ या वाक्यात ‘इथे बसणारे सगळेच स्पर्धा परीक्षा देतात’ हे धरलेलंच आहे. त्यात ‘सगळेच’ आहे म्हणून खोडलं तर अडीच गुण गेले. पहिल्या पानावर इतकं नीट शिकवणाऱ्या सरांनी ही चौकट का घातली, याचं वाईट वाटतं. ती चौकट झाकून ठेवा आणि प्रत्येक वेळी उलटं करूनच बघा.

उत्तरसूचीही तपासून घ्यावी लागते. रेल्वे उशिरा धावत असल्याने जादा एसटी सोडल्या, असा एक प्रश्न आहे. ‘काही प्रवासी एसटीने जातील’ आणि ‘रेल्वे यापुढे कधीच वेळेवर धावणार नाही’ ही दोन्ही गृहीतकं बरोबर दाखवलीत. दुसरं सरांच्याच रीतीने पडतं : उद्या गाडी वेळेवर आली तरी आजच्या जादा बस योग्यच. मला २१० पैकी सात उत्तरं अशी सापडली.

उताऱ्यावरचे प्रश्न फक्त अकरा आहेत. सीसॅटच्या ८० प्रश्नांत मोठा वाटा उताऱ्यांचा असतो, तेव्हा हे फारच कमी. यूपीएससी करणाऱ्यांना तर अजूनच अपुरे पडतील, तिथे गृहीतकं बहुतेक उताऱ्यावरच विचारतात. त्यासाठी आयोगाच्या जुन्या प्रश्नपत्रिका वेगळ्या सोडवाव्या लागतील.

तरी घ्याच. मागताना ‘हाताने लिहिलेल्या’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर टाइप केलेली प्रत हातात देतात. तिच्यात प्रश्न तेच आहेत, पण स्पष्टीकरणं गाळलीत.