ब्राउनी: घरचा ट्रे की बेकरीतला एक तुकडा?

गेल्या वर्षी माझा एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी दाखवणारा आकडा, ६.१ आला. मधुमेह अजून घरात शिरला नव्हता, पण दारात चपला काढत होता. जिलेबी, गुलाबजाम निमूट सोडले, चहातली साखर बंद केली. ब्राउनी मात्र सुटेना. मग खायचीच तर कुठली, एवढाच प्रश्न उरला. बेकरीतली, घरी केलेली नेहमीची, की घरचीच पण ज्वारी-खजुराची? वर्षभरात तिन्ही करून झाल्या. तुम्हीही याच घोळात असाल तर माझा अनुभव सांगतो. मी आहारतज्ज्ञ नाही, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर हिशेब करणारा माणूस आहे.

सोलापूरकराला पहिला मोह ज्वारीचा पडणार. मंगळवेढ्याची मालदांडी घरात असताना मैदा कशाला? म्हणून आम्ही नेहमीच्या कृतीत नुसता मैदा काढून ज्वारीचं पीठ घातलं आणि पथ्य झालं असं समजून बसलो. नंतर कागदावर बेरीज केली तेव्हा डोळे उघडले. आमच्या ८ इंची ट्रेमध्ये बटर १२० ग्रॅम, साखर २०० ग्रॅम, डार्क चॉकलेट १०० ग्रॅम, दोन अंडी, मैदा ८० ग्रॅम, वर कोको आणि ५० ग्रॅम अक्रोड पडतात. सगळं मिळून साधारण ३,००० कॅलरी. त्यात एकट्या बटर-साखरेच्या सोळाशेच्या वर, आणि मैद्याच्या जेमतेम २८५. त्याजागी ज्वारी घातली तर २७०. म्हणजे अख्ख्या ट्रेमागे पंधरा कॅलरी वाचल्या! ब्राउनीत पीठ नावापुरतंच असतं, त्याला बडवून काही हाती लागत नाही.

खरा फरक पडला तो साखर पूर्ण काढून २५० ग्रॅम खजूर वाटून घातला आणि बटरऐवजी ८० ग्रॅम तूप घेतलं तेव्हा. चॉकलेट काढून कोको वाढवला, अक्रोडाजागी बदाम घातले. सोळा तुकडे पाडले तर नेहमीच्या ब्राउनीचा तुकडा १९० कॅलरींचा पडतो, हिचा १४० च्या आसपास. फायबर जवळजवळ दुप्पट. चव म्हणाल तर थोडी रवाळ, पण वाईट अजिबात नाही. खजूर म्हणजे साखर नव्हे असं कोणी सांगितलं तर मात्र मान डोलावू नका. खजुराच्या वजनात साठ टक्क्यांहून जास्त साखरच असते. फायबर सोबत येतं एवढाच त्याचा मोठेपणा.

शिवाय पौष्टिक म्हटलं की हात सैल सुटतो. "अहो, ज्वारीचीच तर आहे, घ्या अजून एक," असं बायको म्हणाली आणि मीही घेतली. दोन तुकडे झाले २८० कॅलरी. नेहमीची एक खाल्ली असती तर १९० वर भागलं असतं.

बेकरीतल्या तुकड्याचा हिशेब जरा अंदाजाचा. काचेमागच्या सुट्या ब्राउनीवर काही छापलेलं नसतं. मी चार-पाच वेळा घरी आणून काट्यावर ठेवली, ८५ ग्रॅमच्या आगेमागे भरली. १०० ग्रॅम ब्राउनीला ४०० ते ४६५ कॅलरी धरायची पद्धत आहे, त्यानं एक तुकडा साडेतीनशे ते चारशेत गेला. म्हणजे दीड-दोन भाकऱ्या. साखर तीस ग्रॅमच्या घरात. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाला शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते, तेव्हा अख्खा तुकडा माझ्यासाठी बादच. हॉटेलात तव्यावर चुरचुरत येणारी, वर आइस्क्रीम आणि सॉस ओतलेली तर सहाशेच्या आसपास जाते. ती वाढदिवसाला.

पण अर्धा तुकडा घेतला तर? चाळीस-बेचाळीस ग्रॅम, पावणेदोनशे ते दोनशे कॅलरी, पंधरा ग्रॅम साखर. घरच्या ट्रेचा सोळावा भाग काट्यावर ठेवा, जवळपास हेच आकडे येतात. म्हणजे आकड्यांवर निकाल लागत नाही. माझा निकाल लागला तो फ्रिजमुळे.

एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा बेचाळीसच्या वर जातो. ओट्यावर ठेवलेली ब्राउनी दुपारपर्यंत तेल सोडते, त्यामुळे ट्रे फ्रिजमध्ये जातो. आमच्या फ्रिजमध्ये तो बसतो तो पाण्याच्या बाटल्यांच्या शेजारी. आणि मे महिन्यात माणूस फ्रिज उघडतो किती वेळा? दर वेळी नजर जाते. आदल्या रात्री कापताना एखादी कड वाकडी राहिलेली असते. सुरी ट्रेमध्येच पडलेली. मी नुसती कड सरळ करतो. बोटाच्या पेराएवढी पट्टी, गार, चिवट, कोपऱ्यावर चॉकलेट जरा करपलेलं. ती खाणं म्हणजे ब्राउनी खाणं असं मन मानतच नाही. पाणी पिऊन दार लावतो. तासाभरानं बायको पाणी घ्यायला येते, तिला दुसरी बाजू वाकडी दिसते.

एकदा रविवारी रात्री केलेला ट्रे मंगळवारी सकाळी अर्धा झाला होता, आणि दोघांपैकी कोणीही 'ब्राउनी' खाल्ली नव्हती. सोळा तुकड्यांचे आठ उरले, तेही सुबक चौकोनी. पंधराशे कॅलरी नुसत्या सरळ करण्यात गेल्या. माठ भरून ठेवायला लागलो, डबा भाजीच्या कप्प्यात कोथिंबिरीखाली लपवून पाहिला, काटेकोर तुकडे करून बटरपेपरात गुंडाळून फ्रीझरमध्येही टाकले. फ्रीझरचा उपाय त्यातल्या त्यात बरा. पण गोठलेली ब्राउनी कडक होत नाही, कुरतडता येते, हे कळल्यावर तोही संपला. ज्वारी-खजुराच्या ट्रेचंही हेच झालं, किंबहुना जास्तच, कारण तिथे मन खाणारच नव्हतं.

बेकरीची ब्राउनी फ्रिजपर्यंत पोचतच नाही. शनिवारी जेवण झालं की आम्ही दोघं सात रस्त्याच्या बाजूला चालत जातो, एकच घेतो, घरी येऊन सुरीनं मधोमध कापतो. भाकरी-आमटीच्या वर ती येते, त्यामुळे पुन्हा भूक खवळत नाही. संध्याकाळी पाचला रिकाम्या पोटी खायचो तेव्हा साडेसहाला परत चिवडा शोधायचो. शेंगाचटणीवर सढळ हातानं तेल ओतणाऱ्यानं ब्राउनीच्या नावानं बोटं मोडू नयेत हेही खरं, म्हणून शनिवारी चटणी एक चमचाच.

बेकरीबद्दलची एक शंका रास्त आहे. आत बटर आहे की वनस्पती तूप (डालडा), हे विचारून कळत नाही. एका दुकानात 'प्युअर बटर' सांगितलं आणि खाल्ल्यावर टाळूला मेणासारखा थर बसला, तिथे पुन्हा गेलो नाही. बटर तोंडाच्या ऊबेनं वितळतं, असा थर ठेवत नाही. जानेवारी २०२२ पासून ट्रान्स फॅटवर, म्हणजे अशा तुपातल्या हृदयाला घातक चरबीवर, दोन टक्क्यांची मर्यादा आली, त्यामुळे पूर्वीइतकी धास्ती नाही, तरी दुकान पारखून घ्यावं. 'शुगर-फ्री' लिहिलेली एकदा आणली होती, मालटिटॉल या साखरेऐवजी वापरायच्या गोड पदार्थाची. पोटानं रात्रभर जागवलं.

घरात पाच-सहा खाणारी तोंडं असतील, ट्रे त्याच संध्याकाळी फस्त होत असेल, तर घरचीच करा, आणि जमलं तर खजुराची. आत काय घातलं ते आपल्याला माहीत असतं, हे सुख बेकरीत नाही. आम्ही दोघंच. लेक पुण्याला हॉस्टेलवर. ती दिवाळीला आली की ट्रे माळ्यावरून उतरतो, आणि कड सरळ करायला तिसरा माणूस मिळतो.