धूमकेतू बघायचाय, हातात काय घेऊ? द्विनेत्री, डॉब्सोनियन आणि स्मार्ट दुर्बीण

२०२५च्या दिवाळीत लेमन धूमकेतू पृथ्वीच्या सर्वांत जवळ आला तो नेमका २१ ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी. अमावास्या, त्यामुळे चंद्राचा अडथळा नाही. त्या आठवड्यात मला जितके फोन आले तितके एरवी सहा महिन्यांत येत नाहीत, आणि बहुतेकांचा प्रश्न एकच होता: "बातमी वाचली, आता कुठली दुर्बीण घेऊ?"

मी त्यांना उलट विचारतो, की कुठली बातमी वाचल्यावर तुमचे पाय गच्चीकडे वळतात? धूमकेतूची, शनीच्या कड्यांची, की दूरच्या दीर्घिकेच्या रंगीत फोटोची? या तिन्हींना तीन वेगळी साधनं लागतात, आणि एकाचं काम दुसरं नीट करत नाही. पैसे वाया जातात ते इथेच.

काही बातम्यांना तर काहीच लागत नाही. ७ सप्टेंबर २०२५चं खग्रास चंद्रग्रहण आठवा. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या रात्री ११ वाजून १ मिनिटाला चंद्र पूर्ण झाकला गेला आणि ८२ मिनिटं तांबूस राहिला. जिथे ढगांनी वाट दिली तिथे लोकांनी ते नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. त्याआधी जून-जुलैत शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकात होते, तेव्हा सोसायट्यांच्या गच्च्यांवर माणसं स्थानकाचा ठिपका सरकताना बघत होती. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून जाणारा तो ठिपका बघायला दुर्बीण लावणं म्हणजे अडचणच. दिशा आणि वेळ माहीत असली की झालं.

आता ज्यांना खरंच साधन लागतं त्यांच्याबद्दल.

द्विनेत्री, म्हणजे बायनॉक्युलर. १०×५० म्हणजे दहा पट मोठं दाखवणारी आणि ५० मिलिमीटर भिंगांची. तिच्यातून साधारण साडेसहा अंश आकाश एका वेळी दिसतं, म्हणजे तेरा पौर्णिमेचे चंद्र एका रांगेत बसतील एवढं. धूमकेतूसाठी हेच हवं असतं, कारण धूमकेतू मोठा, फिकट आणि पसरट असतो. शिवाय तो नेमका कुठे आहे ते आधी शोधावं लागतं. ऑक्टोबर २०२४मध्ये त्सुचिनशान-अ‍ॅटलस संध्याकाळी पश्चिमेला आला तेव्हा, आणि लेमनच्या वेळीही, ज्यांच्या गळ्यात द्विनेत्री होती त्यांना तो दहा मिनिटांत सापडला.

लेमन मी गावी पाहिला. अंगणात सतरंजी टाकून वडील उताणे पडले होते आणि मी त्यांना दिशा सांगत होतो: "अण्णा, पश्चिमेला स्वाती धरा, आता हळूहळू उजवीकडे." द्विनेत्री हातात धरली की श्वासाबरोबर तारे नाचतात. त्यांनी कोपर छातीशी टेकवले, श्वास अर्धा सोडून थांबवला आणि मग एकदम म्हणाले, "हां, कापूस चिकटलाय." तो कापूसच होता, हिरवट झाक असलेला, मधोमध जरा घट्ट. शेपूट मला दिसलं, त्यांना नाही. सत्तरीतल्या डोळ्यांना तेवढं पुरेसं होतं.

वयाचा मुद्दा खरेदीतही येतो. ७×५० द्विनेत्रीतून सात मिलिमीटर रुंद झोत बाहेर पडतो, १०×५० मधून पाच. तरुण डोळ्याची बाहुली अंधारात सात मिलिमीटरपर्यंत उघडते, पन्नाशीनंतर ती बहुधा पाचच्या आसपास थांबते. मग ७×५० चा उरलेला प्रकाश बाहुलीबाहेर वाया जातो. म्हणून घरातल्या मोठ्यांसाठी घेत असाल तर १०×५० घ्या. १५×७० मोहक वाटते, पण हातात स्थिर राहत नाही, तिला ट्रायपॉड लागतो. झूम असलेली द्विनेत्री घेऊच नका.

द्विनेत्रीची मर्यादाही स्पष्ट आहे. हात टेकवून स्थिर धरली तर गुरूचे चार मोठे उपग्रह दिसतात, पण शनीची कडी दहा पटीत दिसत नाहीत. ज्याला कडीच बघायची आहेत त्याने ती घेतली तर पहिल्याच रात्री हिरमोड होणार.

कड्यांसाठी डॉब्सोनियन. तळाशी आरसा असलेली लांब नळी, आणि ती लाकडी खोक्यासारख्या बैठकीवर नुसती टेकवलेली. हाताने ढकलायची, सोडली की तिथेच थांबते. ही बैठक लोकप्रिय केली जॉन डॉब्सन यांनी. १९१५ साली बीजिंगमध्ये जन्मलेला हा माणूस सॅन फ्रान्सिस्कोतल्या वेदान्त सोसायटीच्या मठात, रामकृष्ण संघाच्या परंपरेत, तेवीस वर्षं संन्यासी होता. मठात राहूनच टाकाऊ काचा घासून, पुठ्ठ्याच्या नळ्या आणि प्लायवूड वापरून ते दुर्बिणी करत. १९६७ साली मठ सुटला, आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या सोबत्यांनी पदपथावर दुर्बीण लावून येणाऱ्या-जाणाऱ्याला चंद्र दाखवायला सुरुवात केली. म्हणूनच या दुर्बिणीत मिरवण्यासारखं काही नाही. सगळा पैसा आरशात जातो, आणि नवशिक्याला नेमकं तेच हवं असतं.

सहा इंची आरशाच्या डॉबचं नाभीय अंतर, म्हणजे आरशापासून प्रतिमा जिथे बनते तिथपर्यंतचं अंतर, बहुधा १२०० मिलिमीटर असतं. १० मिलिमीटरचा आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, लावला की १२०० भागिले १०, १२० पट. प्रतियुतीच्या सुमारास, म्हणजे आपल्या एका बाजूला सूर्य आणि बरोबर उलट बाजूला ग्रह असताना, गुरू आकाशात साधारण ४५ विकलांचा असतो (एका अंशात ३६०० विकला). १२० पटीत तो दीड अंशाचा होतो, म्हणजे नुसत्या डोळ्यांना चंद्र दिसतो त्याच्या तिप्पट. नव्या माणसाला हे खरं वाटत नाही, कारण काळ्या पार्श्वभूमीवर तो लहानच भासतो. पण थोडा वेळ बघत राहिलं की आधी दोन पट्टे दिसतात, मग हवा शांत झाली की तिसरा, मग उपग्रहाची सावली काळ्या टिंबासारखी. डोळा बघायला शिकतो. हे शिकणं डॉबमध्ये जितकं होतं तितकं बाकी दोन्हींत होत नाही, आणि माझं मन तिच्याकडे झुकतं ते यामुळेच.

शनीची बातमी तर डॉबवाल्यांसाठीच होती. २३ मार्च २०२५ला कडी आपल्या नजरेच्या रेषेत आडवी झाली, पण तेव्हा शनी सूर्याजवळ होता, काही दिसलं नाही. नोव्हेंबरमध्ये ती पुन्हा इतकी बारीक झाली की शनीत सुई खुपसल्यासारखं दिसत होतं. आता ती दरवर्षी उघडत जातील, २०३२च्या सुमारास सर्वांत रुंद. ऑक्टोबर २०२६च्या सुरुवातीला शनी प्रतियुतीला आहे, म्हणजे रात्रभर आकाशात. फेब्रुवारी २०२७मध्ये गुरू आणि मंगळ आठ-दहा दिवसांच्या अंतराने प्रतियुतीला येतात. ज्याला दरवर्षी तोच ग्रह थोडा वेगळा झालेला बघण्यात रस आहे, त्याने डॉबच घ्यावी.

आणि चंद्र. आकाशदर्शनात दुर्बिणीमागे उभं राहून माझ्या लक्षात राहिलेली गोष्ट म्हणजे बघायला वाकलेल्या माणसाचा गाल. डोळा आयपीसवर येण्याआधी आयपीसमधून निघालेला चंद्राचा उजेड गालावर छोटा गोल होऊन पडतो, मग नाकाजवळून सरकत डोळ्यात जातो, आणि माणूस मागे सरकतो, दचकून. चांद्रयान-३ उतरल्यानंतर प्रत्येक जण दक्षिण ध्रुवाकडचा भाग दाखवा म्हणतो. विक्रम अर्थातच दिसत नाही, पण ज्या खडबडीत, खड्ड्यांवर खड्डे पडलेल्या प्रदेशात तो २३ ऑगस्ट २०२३ला उतरला, तो प्रदेश दिसतो. तिथे उतरणं अवघड का होतं ते मग सांगावं लागत नाही.

अडचणीही सांगतो. आठ इंची डॉब वीस किलोच्या घरात जाते. तुम्ही चौथ्या मजल्यावर राहता आणि लिफ्ट नाही, तर आठ इंची घेऊ नका, सहा इंची घ्या. जी खाली नेली जात नाही ती दुर्बीण कपड्यांचा स्टँड होते. घरातून बाहेर आणल्यावर आरसा थंड व्हायला अर्धा तास द्यावा लागतो, नाहीतर ग्रह उकळत्या पाण्यातून बघितल्यासारखा दिसतो. दोन्ही आरसे एका रेषेत आणणं, ज्याला कोलिमेशन म्हणतात, ते महिन्या-दोन महिन्यांनी करावं लागतं. पहिल्यांदा धास्ती वाटते, तिसऱ्यांदा पाच मिनिटांत होतं. बैठक भुशाच्या फळीची असेल तर पावसाळ्यात ओल धरून फुगते. कोकणात राहणाऱ्यांनी याचा आधीच विचार करावा.

तिसरा पर्याय स्मार्ट दुर्बीण, तसा अलीकडचाच. सीस्टार एस५० २०२३मध्ये आली आणि त्यानंतर स्मार्ट दुर्बिणींची बातमी हौशी लोकांच्या गप्पांतून हटलीच नाही. अडीच किलोची डबी, ५० मिलिमीटरचं भिंग, आणि डोळा लावायला जागाच नाही. फोनवर नाव निवडायचं. ती आकाशाचा फोटो काढते, ताऱ्यांची मांडणी साठवलेल्या नकाशाशी जुळवते, स्वतःच वळते आणि दहा-दहा सेकंदांचे फोटो एकावर एक रचत जाते. एका मित्राच्या ठाण्यातल्या बाल्कनीत मी हे बघितलं. रस्त्यावरचे दिवे इतके की मृग नक्षत्राचे मुख्य तारे सोडून काही दिसत नव्हतं. फोनवर पहिल्यांदा नुसता दाणेदार करडेपणा आला. मिनिटाभरात दाणे बसायला लागले, आणि पाच मिनिटांत मृगातला तेजोमेघ गुलाबी पंख पसरून पडद्यावर होता. शेजारची पोरं फोनभोवती गोळा झाली. डॉबमधून तोच तेजोमेघ अंधाऱ्या गावी राखाडी-हिरवट दिसतो, कारण मंद उजेडात डोळ्याला रंग कळत नाहीत. त्या बाल्कनीतून तर आकार जेमतेम दिसला असता.

म्हणून जो शहर सोडून जाऊ शकत नाही, किंवा ज्याला फोटो हवा आहे, त्याच्यासाठी हे खरोखर उत्तम साधन आहे. १ जुलै २०२५ला चिलीतल्या अ‍ॅटलस दुर्बिणीने शोधलेला ३आय/अ‍ॅटलस घ्या. सूर्यमालेबाहेरून आलेला हा धूमकेतू, फक्त तिसरा ज्ञात पाहुणा. पृथ्वीच्या सर्वांत जवळ आला तेव्हाही तो सुमारे २७ कोटी किलोमीटरवर होता आणि नुसत्या डोळ्यांना कधीच दिसला नाही. आठ इंची डॉबमध्ये, अंधाऱ्या जागी, तो धुकट ठिपका होता. द्विनेत्रीवाल्यांना हात चोळत बसावं लागलं. स्मार्ट दुर्बिणीने मात्र ताऱ्यांमधून सरकणारा तो ठिपका टिपता येत होता, आणि दोन रात्रींचे फोटो शेजारी ठेवले की त्याची हालचाल कळत होती.

पण ग्रहांसाठी तिच्याकडे वळू नका. नाभीय अंतर फक्त २५० मिलिमीटर. त्या सेन्सरवर गुरू जेमतेम १९ पिक्सेल रुंद येतो आणि शनी कड्यांसकट तेवढाच. उलट देवयानी दीर्घिका तीन अंशांची, आणि हिची चौकट सव्वा अंश बाय पाऊण अंश. एका चौकटीत ती मावत नाही, धूमकेतूचं लांब शेपूटही नाही, तुकडे जोडावे लागतात. शिवाय फोन आणि अ‍ॅप हवंच. चाळीस वर्षांपूर्वीचा आरसा पुसून आजही वापरता येतो. कंपनीने अ‍ॅप बंद केलं तर या डबीचं काय, हा प्रश्न मला सतावतो.

पैशांचं म्हणाल, तर चांगली १०×५० काही हजारांत येते, सहा इंची डॉब तिच्या कित्येक पट, आणि एस५० अमेरिकेत ४९९ डॉलरला आली होती. आपल्याकडे त्यावर आयातीचा खर्च चढतो. बजेट कमी असेल तर तडजोड म्हणून ती "५२५ पट" लिहिलेली चकचकीत खोकी घेऊ नका. माझ्या घरात आलेली पहिली दुर्बीण अशीच होती. काडीसारखा ट्रायपॉड, बोट लावलं की चंद्र चौकटीबाहेर, आणि आयपीसवर बसवायचा सूर्याचा फिल्टर. तो फिल्टर तर ताबडतोब फेकून द्या. उष्णता एकवटते त्याच जागी तो बसतो आणि तडकू शकतो. २ ऑगस्ट २०२७चं सूर्यग्रहण इजिप्तमध्ये सहा मिनिटांहून जास्त खग्रास आहे, आपल्याकडे सूर्यास्ताआधी खंडग्रास. त्याच्यासाठी द्विनेत्री असो की डॉब, फिल्टर पुढच्या तोंडावरच घट्ट बसवायचा. एस५० सोबत तो खोक्यातच येतो, हा तिचा एक फायदा.

घेण्याआधी एक रात्र द्या. मुंबईचं खगोल मंडळ वांगणीला आकाशदर्शन घेतं, पुण्यात १९४४पासूनची ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे. तिन्ही साधनं लोकांनी आणलेली असतात, डोळा लावून बघा. नागपूरकडच्यांना पेंच जवळ आहे. जानेवारी २०२४मध्ये ते भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे अंधारं आकाश राखलेली जागा, ठरलं. अशा जागी साधी द्विनेत्रीसुद्धा शहरातल्या डॉबपेक्षा जास्त तारकागुच्छ दाखवते.

मला विचाराल तर पहिली द्विनेत्री, वर्षभर. त्यानंतरही हौस टिकली तर सहा इंची डॉब. स्मार्ट दुर्बीण फक्त बाल्कनीपुरतं आकाश असलेल्यांनी पहिली घ्यावी. भिंगं मात्र जून ते सप्टेंबर सिलिका जेलच्या पुड्यांसकट बंद डब्यात ठेवा, बुरशी एकदा धरली की काचेवर डाग राहतो.

आणि द्विनेत्री हातात आली की पहिलं काम उत्तर मुकुट या तारकासमूहाचं. मे-जूनच्या रात्री स्वातीकडून अभिजितकडे नजर नेताना वाटेत, जवळजवळ डोक्यावर, ताऱ्यांचं छोटं अर्धवर्तुळ लागतं. त्याच्या कडेला लागून टी कोरोना बोरिआलिस हा तारा आहे, एरवी दहाव्या प्रतीचा, नुसत्या डोळ्यांच्या पलीकडचा. १८६६ आणि १९४६ साली तो भडकला होता आणि काही दिवस नुसत्या डोळ्यांना दिसत होता. तो पुन्हा भडकेल म्हणून सगळे खगोलप्रेमी त्याच्याकडे डोळे लावून बसलेत. अर्धवर्तुळातले तारे सात आहेत. नीट मोजून, पाठ करून ठेवा.