व्हेजिटासाठी ड्रॅगन बॉल: मांगा वाचावा, झी पाहावी की काई?

‘ड्रॅगन बॉल’ ही जपानी चित्रकथा किंवा तिच्यावरची ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) मालिका सुरू करायची आहे, तेही मुख्यतः व्हेजिटा या पात्रासाठी, पण ‘ड्रॅगन बॉल झी’चे 291 भाग पाहून छाती दडपते. अशांसाठी हा आढावा आहे. पृथ्वी नष्ट करायला आलेला एक उद्दाम राजपुत्र पुढे तिच्यासाठी जीव देतो आणि तरीही कथेचा नायक गोकू याच्याशी असलेली चुरस सोडत नाही. ही कथा तीन वाटांनी गाठता येते. कथानक तिन्हीकडे एकच आहे. व्हेजिटा मात्र तिन्हीकडे सारखा भेटत नाही. (पुढे कथेतली बरीच वळणं उघड होतील. त्याशिवाय ही तुलना करता येत नाही.)

पहिली वाट अकिरा तोरियामांच्या मूळ मांगाची, म्हणजे चित्रकथेची. तो ‘वीकली शोनेन जंप’मध्ये 1984 ते 1995 या काळात आला. एकूण 519 प्रकरणं, 42 खंड. व्हेजिटा त्यात 1988 साली, दोनशेव्या प्रकरणानंतर येतो. दुसरी वाट तोएई या ॲनिमेशन कंपनीच्या ‘झी’ मालिकेची, 1989 ते 1996. तिसरी ‘काई’. झीला वीस वर्षं झाली तेव्हा, 2009 मध्ये, जुनीच चित्रं कापूनछाटून, आवाज नव्याने ध्वनिमुद्रित करून ही आवृत्ती काढली. हेतू मांगाच्या जवळ जाण्याचा होता. झीने 194 भागांत सांगितलेली सेल या खलनायकापर्यंतची कथा काईत 98 भागांत संपते. बू या खलनायकाचा शेवटचा टप्पा काईने 2014-15 मध्ये केला, जपानात 61 भाग आणि बाहेरच्या आवृत्तीत 69.

वेळेचा हिशेब केला तर झीला साधारण शंभर तास लागतात, काईला पंचावन्नच्या आसपास. मांगाचा झीशी जुळणारा भाग 195व्या प्रकरणापासून सुरू होतो. इंग्रजीत तो ‘ड्रॅगन बॉल झी’ याच नावाने 26 खंडांत मिळतो आणि वाचायचा सराव असेल तर काही शनिवार-रविवारांत संपतो.

पण नुसत्या तासांवर निवड करू नका. व्हेजिटाचं बदलणं अतिशय सावकाश होतं, मध्ये मध्ये तो मागेही जातो, आणि त्या सावकाशीला कोणती आवृत्ती किती जागा देते यावर सगळं ठरतं.

दुष्टपणा किती दिसायला हवा

सुरुवातीचा व्हेजिटा किती वाईट आहे हे नीट दिसलं नाही, तर पुढच्या बदलाला वजन येत नाही. मांगात तो नाप्पा या साथीदाराबरोबर पृथ्वीवर येतो, जोडीदार लढण्यालायक उरला नाही म्हणून त्यालाच संपवतो, आणि नंतर नामेक ग्रहावर ड्रॅगन बॉलसाठी (वर देणाऱ्या ड्रॅगनला बोलावणारे जादूचे गोळे) एका गावाची कत्तल करतो. हे तिन्ही आवृत्त्यांत आहे. झीत याखेरीज आर्लिया ग्रहाचा प्रसंग आहे, जो मांगात नाही आणि काईने वगळला. पृथ्वीच्या वाटेवर व्हेजिटा आणि नाप्पा कीटकांसारख्या रहिवाशांच्या ग्रहावर उतरतात, तिथल्या जुलमी राजाला मारतात. लोकांना वाटतं, सुटका झाली. मग व्हेजिटा अवकाशातून तो अख्खा ग्रह उडवून देतो, फारसं कारण नसताना.

चाहते या भागाला फिलर, म्हणजे मूळ मांगात नसलेली भर, म्हणून बाजूला टाकतात. कथा पुढे नेण्याच्या दृष्टीने त्यांचं बरोबर आहे. व्हेजिटासाठी पाहणाऱ्याने मात्र हा भाग पाहावाच. त्यात तो कुणाचा सूड घेत नाही, कुणाशी त्याची स्पर्धाही नसते. एक ग्रह संपवणं हे त्याच्या दिवसभरातलं किरकोळ काम आहे, एवढंच दिसतं. पुढे पंचवीस वेळा आठवावा असा हा दाखला आहे आणि तो फक्त झीकडे आहे.

लगेच पुढे पृथ्वीवरची लढाई. हरलेला व्हेजिटा सरपटत आपल्या यानाकडे जातो, गोकूचा मित्र क्रिलिन सोबती याजिरोबेची तलवार उगारून उभा राहतो आणि जखमी गोकू त्याला थांबवतो. दयेपोटी म्हणावं, तर गोकूला त्याच्याशी पुन्हा लढायचंही असतं. हा क्षण तिन्हीकडे चांगला उतरला आहे. तो लक्षात ठेवा, कारण शेवटाकडे व्हेजिटा स्वतःच त्याचा हिशेब मांडतो.

नामेक: काईची सर्वांत भक्कम बाजू

नामेकवर व्हेजिटा कुणाच्याच बाजूचा नाही. अवकाशातला जुलमी सम्राट फ्रीझा याच्या माणसांना एकेक करून संपवतो, गोकूचा मुलगा गोहान आणि क्रिलिन यांच्याशी गरजेपुरती युती करतो, आपली ताकद वाढावी म्हणून क्रिलिनलाच आपल्यावर घाव घालायला लावतो. इथे कथेला वेग हवा. झीत तो हरवतो. ग्रह पाच मिनिटांत फुटणार असं फ्रीझा सांगतो आणि ती पाच मिनिटं कित्येक भाग चालतात. काईत हाच टप्पा घट्ट बांधलेला आहे. व्हेजिटाची चलाखी, त्याची भीती, फ्रीझासमोर उभं राहताना ढासळणारा आत्मविश्वास, सगळं एका ओघात येतं.

मग त्याचा मृत्यू. फ्रीझाने छातीत आरपार घाव घातलेला व्हेजिटा जमिनीवर पडून गोकूला सांगतो की आपला ग्रह फ्रीझाने नष्ट केला, लहानपणापासून आपल्याला त्याच्या हुकमावर राबवलं. तो रडतो आणि ज्याला तो खालच्या जातकुळीचा योद्धा म्हणत आला त्या गोकूला विनवतो, की एका सैयानच्या, म्हणजे त्या दोघांच्या वंशातल्या योद्ध्याच्या, हातून फ्रीझा मरू दे. गोकू त्याला पुरतो. हा प्रसंग मांगात थोड्या पानांत येतो आणि तिथेच तो मला सर्वांत कठोर वाटतो. तोरियामा चेहऱ्यावर रेंगाळत नाहीत, अश्रू दिसले की पुढे सरकतात. ॲनिमेत र्यो होरिकावा यांचा आवाज आहे, झीतही तेच आणि वीस वर्षांनंतर काईतही तेच. झीतला आवाज अधिक तरुण, अधिक फाटलेला. काईत तो मुरलेला आहे. या एका प्रसंगात मी झीकडे झुकतो. बाकीच्या नामेकसाठी काई.

बुल्माचं घर आणि तीन वर्षं

खरा फरक इथे पडतो. पुन्हा जिवंत झालेला व्हेजिटा गोकूची जुनी मैत्रीण बुल्मा हिच्या घरी राहू लागतो. यंत्रमानव हे नवे शत्रू येणार हे कळल्यावर तीन वर्षांच्या तयारीचा काळ आहे. मांगा हा काळ जवळजवळ उडी मारून ओलांडतो. व्हेजिटा 300 पट गुरुत्वाकर्षणाची खोली मागतो, पुढे थेट लढाईत उतरतो, सुपर सैयान (सैयानांचं अधिक ताकदवान रूप) झालेला असतो, आणि बुल्माच्या कडेवर त्या दोघांचा मुलगा ट्रंक्स असतो. हे सगळं कधी घडलं हे वाचकाने कल्पनेने भरायचं.

झीने ती पोकळी भरली. गुरुत्वाकर्षणाच्या खोलीचा स्फोट, ढिगाऱ्यातून बाहेर पडलेला हट्टी व्हेजिटा, त्याच्या उशाशी बसलेली बुल्मा. पुढे दूर अवकाशात, वादळात एकट्याने केलेला सराव आणि स्वतःच्या मर्यादेवर आलेल्या संतापातून झालेलं सुपर सैयान रूपांतर. बुल्मा आणि तो एकत्र कसे आले हे झीही धड सांगत नाही, पण निदान दोघांना एका छताखाली दाखवते. मांगा वाचून ‘हे नातं आलं कुठून?’ असं ज्यांना वाटतं, त्यांना झीचे हे भाग पाहिल्यावर थोडं तरी हाती लागतं.

उलट बाजूही मांडायला हवी. मांगातल्या त्या रिकाम्या जागेमुळे व्हेजिटा शेवटपर्यंत अनोळखी राहतो आणि काही वाचकांना तोच आवडतो. बुल्मा आणि तान्हा ट्रंक्स असलेलं विमान पाडलं जातं तेव्हा तो ढुंकून पाहत नाही. भविष्यातून आलेला मोठा ट्रंक्स त्या दोघांना वाचवतो आणि बापाला जाब विचारतो. मांगाच्या ओघात हा धक्का जास्त बसतो, कारण तोवर त्याच्यात काही मऊ झालं असेल असं सुचवणारं एकही चित्र आलेलं नसतं.

सेलचा टप्पा झटकन सांगतो, कारण तिथे आवृत्त्यांत मोठा फरक नाही. दर्पापोटी व्हेजिटा सेलला पूर्ण रूप घेऊ देतो. ते पाप त्याच्याच पदरात पडतं. सेल भविष्यातून आलेल्या ट्रंक्सला मारतो आणि व्हेजिटा, विचार न करता, त्याच्यावर तुटून पडतो. मुलासाठी त्याने केलेली पहिली गोष्ट ही, आणि तीही निष्फळ. काईत हा टप्पा छान आटोपशीर आहे.

बू: इथे झीच

बूच्या टप्प्यात व्हेजिटा स्वखुशीने जादूगार बाबिदीचा ताबा स्वीकारतो. घर, बायको, मुलगा यांनी आपल्याला नरम केलं आणि जुना निर्दय व्हेजिटा परत हवा, असं तो गोकूला तोंडावर सांगतो. स्पर्धेच्या मैदानात बसलेल्या प्रेक्षकांना मारूनही दाखवतो. इतक्या वर्षांनी मागे फिरणारा हा माणूस पाहताना राग येतो आणि यायलाच हवा. मग बू बाहेर येतो. व्हेजिटा ट्रंक्सला आयुष्यात पहिल्यांदा मिठी मारतो, त्याला आणि गोकूचा धाकटा मुलगा गोतेन याला बेशुद्ध करून दूर पाठवतो आणि गोकूचा साथीदार पिकोलो याला विचारतो, मेल्यावर मला गोकू भेटेल का? पिकोलो खोटं बोलत नाही. नाही, म्हणतो. हे ऐकूनही व्हेजिटा स्वतःचा स्फोट करतो. झीचा हा 237वा भाग आहे.

बूच्या टप्प्यासाठी मी झी सुचवतो, त्याला तीन कारणं आहेत. काईने इथे कापाकापी कमी केली, त्यामुळे वेळेची बचत आधीइतकी होत नाही. चित्राच्या वर-खालच्या कडा कापून ते रुंद पडद्याला बसवलं आणि रंगांवर हिरवट झाक आली. आणि संगीत. झीला शुन्सुके किकुची यांचं संगीत आहे, काईच्या या टप्प्याला नोरिहितो सुमितोमो यांचं. सुमितोमोंचं काम वाईट नाही, पण 237व्या भागाखाली किकुचींचे सूर ऐकल्यावर दुसरं काही लावावंसं वाटत नाही.

मांगा इथे पुन्हा एकदा बरोबरीला येतो, तो शेवटच्या कबुलीत. गोकू बूशी लढत असतो आणि व्हेजिटा बाजूला उभा राहून मनाशी बोलतो. गोकू शत्रूलाही मारून टाकत नाही. आपल्यालाही त्याने सोडलं, जणू पुढे कधीतरी आपल्यात थोडं माणूसपण येईल हे त्याला ठाऊक होतं. आणि मग, काकारोट (गोकूचं सैयान नाव), तूच पहिला. क्रिलिनच्या हातातली ती तलवार इथे येऊन पोचते. मांगात हे मोजक्या पानांत, कसलाही गाजावाजा न करता आहे. झीच्या 280व्या भागात जुन्या लढायांची दृश्यं जोडून ते लांबवलंय. व्हेजिटाचा अभिमान पाहता मांगाची आखडती मांडणी मला जास्त पटते, पण जो पाहणारा शंभर तास त्याच्याबरोबर चालला आहे त्याला झीतली ती जुनी दृश्यं हवीशी वाटतील.

त्यानंतरचा एक तपशील अनेकांच्या नजरेतून सुटतो. स्पर्धेच्या दिवसापासून मेलेल्या, पण दुष्ट नसलेल्या सगळ्यांना जिवंत कर, असा वर ड्रॅगनकडे मागितला जातो आणि व्हेजिटाच्या डोक्यावरचं, तो मेलेला असल्याची खूण असलेलं वलय नाहीसं होतं. त्याच दिवशी मैदानात निरपराध माणसं मारणारा तो, पण ड्रॅगन त्याला दुष्टांत मोजत नाही. हा निवाडा योग्य की अयोग्य यावर वाद घालता येतो, आणि हा वाद तुम्हाला किती खोल वाटेल हे तुम्ही आर्लिया पाहिलं आहे की नाही यावर बरंचसं ठरेल.

भाषा आणि निवड

जपानी आवाज आणि सबटायटल्स यांचा कंटाळा नसेल तर तोच पर्याय घ्या. इंग्रजीत पाहायचं असेल तर काईचे संवाद मूळाच्या बरेच जवळ आहेत. झीच्या जुन्या इंग्रजी आवृत्तीत संवाद मनाप्रमाणे बदललेले आहेत. गोकूची ताकद मूळात आठ हजारांवर गेलेली असते, इंग्रजीत ती नऊ हजार झाली आणि तेच वाक्य जगभर गाजलं. सुरुवातीच्या एका आवृत्तीत तर व्हेजिटा गोकूच्या वडिलांना हुशार शास्त्रज्ञ म्हणतो, ज्याला मूळ कथेत काडीचा आधार नाही. इंग्रजी व्हेजिटाला आधी ब्रायन ड्रमंड, नंतर ख्रिस्तोफर सबॅट यांनी आवाज दिला. लहानपणी कार्टून नेटवर्कवर ही मालिका पाहिलेल्यांना तो आवाज आपलासा वाटेल, पण व्हेजिटाच्या तोंडी नेमकं काय आहे हे समजून घ्यायचं असेल तर तेवढ्यावर विसंबू नका.

पहिल्यांदाच पाहणाऱ्याला माझा सल्ला मिश्र वाटेचा आहे. सेलपर्यंत काईचे 98 भाग. त्यात झीचा आर्लियाचा 11वा भाग आणि यंत्रमानवांआधीच्या तयारीचे 120 ते 130च्या दरम्यानचे भाग जोडून घ्या. 108 ते 117 हा गार्लिक ज्युनियरचा टप्पा व्हेजिटाच्या कामाचा नाही. मग बूसाठी झीचे 200 ते 291. डिस्क घेणार असाल तर चौकोनी, न कापलेल्या चित्राची आवृत्ती पाहून घ्या.

वेळ अगदीच कमी असेल तर मांगाचे 26 खंड, आणि सोबत झीचा फक्त 237वा भाग. आधीचं सगळं एकदा पाहून झालेलं असेल तर पुन्हा काई पाहण्यात वेळ घालवू नका, मांगाच वाचा. झीने भरलेल्या जागा तोवर तुमच्या मनात आहेतच आणि तोरियामांनी किती कमी रेघांत हा माणूस उभा केला ते तेव्हाच नीट दिसतं. ‘ड्रॅगन बॉल सुपर’चे 131 भाग यानंतरचे आहेत. त्यातला व्हेजिटा घरात रुळलेला बाप आहे, म्हणून तिथून सुरुवात करू नका.