होमस्टेवाल्यांसाठी मालवणातला इंग्रजी वर्ग: ‘लागतं’ आणि ‘पाहिजे’ इथे सुटतात

होमस्टे, खानावळ किंवा बोट चालवणाऱ्यांनी बाजारपेठेतला हा संध्याकाळचा वर्ग जरूर लावावा. इथे काळ पाठ करण्यात महिना घालवत नाहीत. गरज सांगणारी क्रियापदं पहिली घेतात, कारण पाहुण्याशी बोलताना खरी गाडी तिथेच अडते.

मराठीत ‘लागतं’ एकटंच चार कामं करतं. किल्ल्यावर जायला वेळ लागतो, तिथे इंग्रजीत ‘टेक’. पैसे लागतात, तिथे ‘कॉस्ट’. तिकीट लागतं, तिथे ‘नीड’. जॅकेट घालावं लागतं, तिथे ‘हॅव टू’. जेट्टीवर मात्र सगळ्याला ‘रिक्वायर’ चालवून नेतात: ‘फिफ्टीन मिनिट्स रिक्वायर’. वर्गात त्याऐवजी ‘इट टेक्स अबाउट फिफ्टीन मिनिट्स’ हे अख्खं वाक्य जिभेवर बसेपर्यंत म्हणून घेतात. सुटे शब्द पाठ करून हे जमत नाही, म्हणून ही पद्धत मला फार पटली.

‘रिक्वायर’ शोभतं ते नियम सांगताना. परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांत त्याची माहिती सरकारकडे कळवावी लागते. तेव्हा ‘वी आर रिक्वायर्ड टू रेजिस्टर युअर पासपोर्ट’ म्हटलं की ही मालकाची लहर नाही, कायदा आहे, हे त्याला कळतं. ‘वी रिक्वायर टू’ मात्र चुकीचं, आणि ‘वी आर नीडिंग’सुद्धा. ‘नीड’ला तिथे ‘आयएनजी’ लागत नाही.

‘तुमका काय होया?’ यात आपुलकी आहे. ‘व्हॉट डू यू वॉन्ट?’ मात्र दरडावल्यासारखं वाटतं. पंगतीत विचारावं, ‘वुड यू लाइक सम सोलकढी?’

सगळ्यात घोळ नकारात. ‘आगाऊ पैसे भरायची गरज नाही’ याचं ‘यू मस्ट नॉट पे इन ॲडव्हान्स’ केलं, तर आगाऊ भरायला मनाई आहे असा अर्थ होतो. ‘यू डोन्ट हॅव टू’ म्हणायचं. ‘मस्ट’ला भूतकाळही नाही, वाऱ्यामुळे बोट बंद ठेवावी लागली, तर ‘वी हॅड टू स्टॉप द बोट’. यावर शिक्षक भरपूर सराव घेतात.

उणं म्हणजे छापील टिपणं. त्यांत ‘पाहिजे’समोर फक्त ‘मस्ट’ लिहिलंय. ‘यू मस्ट ट्राय द बांगडा’ हा आग्रह गोड वाटतो, पण ‘यू मस्ट वेक अप ॲट सिक्स’ हा हुकूम होतो. सल्ला द्यायचा तर ‘शुड’. ही ओळ पेनाने स्वतः घालून घ्या. फोनवर बोलण्याचा सरावही नाही, आणि निम्मी बुकिंगं तर फोनवरच होतात.

पावसाळ्यात, किल्ल्याच्या बोटी बंद असताना, प्रवेश घेतला तर रोज हजर राहणं जमेल.