नादकाट्यांची जोडी आधी की पितळी अनुनादक?

जुनी ध्वनियंत्रं घ्यायला निघालेल्या माणसाला पहिली भुरळ पडते ती पितळेची. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झचे उतरत्या मापाचे गोल अनुनादक, म्हणजे एकेकाच स्वराला घुमणारे पोकळ गोळे, रांगेत मांडले की कपाट उजळून निघतं. शेजारी लाकडी पेटीवरचा पोलादी नादकाटा (ट्यूनिंग फोर्क) अगदीच साधा दिसतो. तरी यंत्रं वाजवून दाखवायची असतील तर पहिली खरेदी पेटीवरच्या दोन सारख्या काट्यांचीच करावी.

अनुनादक एका वेळी एकाच माणसाचा. निमुळतं टोक कानात धरायचं. बाहेरच्या आवाजात त्या गोलाचा स्वर असला तर तो कानात घुमतो. हेल्महोल्ट्झ तर त्या टोकाला लाख लावून ती कानाच्या मापाची करून घेई. अनुभव विलक्षणच, पण वीस जणांना द्यायचा तर वीस जणांची रांग. काट्यांचं तसं नाही. दोन्ही पेट्यांची तोंडं समोरासमोर ठेवा, एक काटा वाजवा आणि हाताने धरून गप्प करा. न छेडलेला दुसरा गात असतो, सगळ्या खोलीला ऐकू येईल असा. मग एकाच्या पात्याला मेणाचा ठिपका लावा, दोन्ही वाजवा: आवाज लाटांसारखा चढतो-उतरतो.

पेटीकडे मात्र दुर्लक्ष नको. एका बाजूने उघड्या पेटीची लांबी तरंगलांबीच्या पावपटीच्या आसपास असते, 256 हर्ट्झला साधारण 30 सेंमी. तडकलेली किंवा दुसऱ्याच काट्याची पेटी असेल तर पॅरिसचा नामी यंत्रकार रूडॉल्फ केनिग याचा शिक्का असूनही आवाज पडतो. पात्यांवर कानशीचे ताजे ओरखडेही पाहा: टोकाकडे घासलं की स्वर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो.

नवख्याला हमखास फसवणारी गोष्ट आकड्याची. जुने फ्रेंच कारागीर जाणं आणि येणं अशी दोन कंपनं मोजत. त्यामुळे केनिगच्या काट्यावर 512 कोरलेलं असलं तरी स्वर 256 हर्ट्झचाच. ‘काटा बिघडलाय’ म्हणून परत करू नका!

अनुनादकात पोचा शोधावा. घनफळ 2 टक्के घटलं तर स्वर सुमारे 1 टक्का चढतो आणि गोल आपल्या नेमक्या स्वरापासून ढळतो. ठोकून पोचा काढलेला असेल तर पितळ चकचकीत दिसूनही तीच शंका राहते.

क्लाडनीची पट्टी, म्हणजे कंप पावताना वर पसरलेल्या वाळूच्या आकृत्या करणारा धातूचा पत्रा, जुनी घेण्यात अर्थ नाही. 1787 मध्ये त्याने वाळूच्या ज्या आकृत्या छापल्या, त्या नव्या पट्टीवरही तितक्याच देखण्या उमटतात.

कान्यार द ला तूरचा 1819 चा सायरन, म्हणजे हवेच्या झोतावर फिरून स्वर काढणारी भोकांची तबकडी, मात्र मोहात पाडतो. 16 भोकांची तबकडी सेकंदाला 16 फेरे घेते तेव्हा 256 चा स्वर निघतो. स्वर म्हणजे निव्वळ मोजणी, हे इतकं उघड दुसरं काही दाखवत नाही. अडचण भात्याची: हवेचा दाब जरा हलला की स्वर घसरतो. भाता नसेल तर मी घेणार नाही.

केनिगचं ज्योतीचं यंत्र, म्हणजे पडद्यामागच्या आवाजाने थरथरणारी गॅसची ज्योत आणि समोर फिरणारा आरसा, हे सगळ्यांत सुंदर आणि सगळ्यांत हट्टी. पडदा कडक झालेला असतो, गॅसच्या नळ्यांवर भरवसा नसतो. वाजवून दाखवायला घेत असाल तर विक्रेत्याला ज्योत पेटवून, आरसा फिरवून दाखवायला सांगा.