आकृत्यांची टेस्ट की शब्दांची?

भाच्याची आयक्यू टेस्ट झाली तेव्हापासून घरात एकच वाद, बुद्धी मोजायला आकृत्यांची टेस्ट बरी की शब्दांची. आकृत्यांची टेस्ट म्हणजे रेव्हनची मॅट्रिक्स, 1938 पासूनची, चौकटीत आकृत्या, एक जागा रिकामी, नियम ओळखायचा आणि तुकडा निवडायचा, बस. भाषा लागत नाही म्हणून लोकांना वाटतं हीच निव्वळ बुद्धी. पण शब्दार्थाची टेस्टपण स्पिअरमन या मानसशास्त्रज्ञाने 1904 ला मांडलेल्या जनरल इंटेलिजन्सशी, म्हणजे सगळ्या बौद्धिक कामांमागच्या सामाईक क्षमतेशी, चांगलीच घट्ट जुळते, कारण बहुतेक शब्द कोणी पाठ करून देत नाही, ऐकता-वाचता संदर्भातून अर्थ काढावा लागतो आणि ते काम डोक्याचंच ना.

घोळ भाषेचा. पोरगं निफाडला द्राक्षबागेत वाढलेलं, छाटणी म्हणजे काय विचारा, एप्रिलची वेगळी आणि ऑक्टोबरची वेगळी हेही सांगेल, पण शब्द इंग्रजीत आले की गप्प. तिथे आकृत्या बऱ्या.

अर्थात आकृत्याही काही सोवळ्या नाहीत हं. सरावाने स्कोअर वाढतो, आणि फ्लिन इफेक्ट म्हणतात तो, पिढीगणिक स्कोअर वाढत जाण्याचा, रेव्हनवर जास्त दिसला, शब्दांवर कमी. शिवाय वय झालं की आकृत्या आधी जड जातात, शब्द टिकतात. आमची आजी कोड्यात अडकते पण म्हणींत कुणाला ऐकत नाही. मला विचाराल तर, मुलाच्या स्वतःच्या भाषेत असेल तर मी शब्दांचीच घेईन.